कोटणिसांच्या गावाने जगाविषयी बोलावे

सोलापूर शहराला व्याख्यानांची वाण नाही. वाचनालये, महाविद्यालये, ज्ञातिसंस्था, शिक्षकांच्या संघटना आणि निरनिराळी प्रतिष्ठाने यांच्या वतीने वर्षभर कोठे ना कोठे व्यासपीठ उभे राहतच असते. शिवचरित्र, संतवाङ्मय, साहित्य, आरोग्य, स्पर्धा परीक्षा हे विषय श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचे झाले आहेत आणि त्यांना गर्दीही होते. यांपैकी कोणताही विषय टाकाऊ नाही. परंतु या साऱ्या कार्यक्रमपत्रिका एकत्र ठेवून पाहिल्या, तर एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. जगातील राष्ट्रे परस्परांशी कशी वागतात, त्यांनी कसे वागावयास हवे, आणि त्या वागण्यात आपल्या देशाचा व आपला स्वतःचा वाटा कोणता, हा विषय त्यांत अपवादानेच आढळतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक जीवनातील ही उणीव उभ्या महाराष्ट्राची आहे. सोलापूरला मात्र ती अधिक बोचावयास हवी. कारण हे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे गाव आहे.

कोटणिसांचे चरित्र सोलापूरच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनला वैद्यकीय साहाय्य करण्यासाठी १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. चीनच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहून त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यविशारदाच्या स्मरणार्थ चालविल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथील परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. सोलापूरच्या भैय्या चौकातील त्यांच्या घराचे स्मारकही झाले. हे सर्व उचितच आहे. मात्र या स्मरणात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरला हजारो मैलांवरच्या चीनची हाक ऐकू तरी कशी आली?

ती हाक ऐकू कशी आली?

या प्रश्नाचे उत्तर केवळ कोटणिसांच्या स्वभावात शोधून भागणार नाही. त्याग करण्यास सिद्ध असलेले तरुण प्रत्येक काळात असतात. त्यांच्यापर्यंत जगाचे दुःख पोहोचविणारी वाट मात्र प्रत्येक काळात असतेच असे नाही. १९३८ च्या भारतात ती वाट होती. देश परतंत्र होता. परतंत्र देशाला स्वतःचे परराष्ट्रधोरण नसते, वकिलाती नसतात, सैन्य त्याच्या इच्छेने हालत नाही. तरीही राष्ट्रीय सभेने १९३६ मध्ये स्वतःचा परराष्ट्र विभाग उघडला आणि त्याची सूत्रे राममनोहर लोहिया या तरुण कार्यकर्त्याच्या हाती दिली. अबिसिनिया, स्पेन, मांचुरिया ही नावे सभांतून व वृत्तपत्रांतून सामान्य माणसाच्या कानांवर पडू लागली. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा अधिवेशनात चीनविषयी ठराव झाला. चिनी सेनापती चू तेह यांनी वैद्यकीय मदतीसाठी पंडित नेहरूंना पत्र लिहिले होते. त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले; सभा झाल्या, निधी जमला, आणि त्या निधीतून पथक निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे स्पेनमधील यादवी युद्धात वैद्यकीय सेवा करून आले होते. पथकातील दुसरे महाराष्ट्रीय डॉक्टर चोळकर हे नागपूरचे होते.

तात्पर्य, कोटणीस चीनला गेले त्याच्या आधी गावोगावच्या व्यासपीठांवर चीन येऊन गेला होता. व्याख्यान आधी झाले आणि त्याग नंतर घडला. आपण त्यागाला हार घालतो. ज्या सार्वजनिक चर्चेच्या पोटी तो जन्मला, तिचा मात्र आपणांस विसर पडला आहे.

ही चर्चा महाराष्ट्राला नवी नव्हती. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, तेव्हा ते पुस्तक अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसलेल्या एका माळी समाजातील विचारवंताला आपल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि अमेरिकेतील काळ्या गुलामांचे दुःख यांत एकच सूत्र दिसले, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला गेला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्ड येथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले आणि अस्पृश्यतानिवारणाच्या कामाला लागले. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रसंघापुढे अमेरिकन निग्रो समाजाने मांडलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. या मंडळींना जगाचा विचार हा घरच्या प्रश्नापासून पळण्याचा मार्ग वाटला नाही. घरचा प्रश्न अधिक लख्ख दिसावा म्हणून त्यांनी जगाकडे पाहिले.

सोयीची नीती आणि गैरसोयीची नीती

आंतरराष्ट्रीय घडामोडींवरील व्याख्यान म्हणजे देशांची नावे, करारांची कलमे आणि युद्धाच्या तारखा यांची जंत्री, असा एक समज आहे. ती जंत्री आज कोणालाही घरबसल्या मिळते. व्यासपीठाची आवश्यकता आहे ती दुसऱ्याच कारणासाठी. राष्ट्राचे हित आणि माणुसकीचे कर्तव्य यांचा मेळ जेथे बसत नाही, तेथे सुजाण नागरिकाने काय मानावे, हा प्रश्न एकट्याने सोडविण्याचा नाही. तो चार माणसांत, मोठ्याने, विरोधी मत ऐकत सोडवावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण कोटणिसांच्याच कथेत आहे. हरिपुरा येथील ठरावाने चीनविषयीच्या सहानुभूतीचे चिन्ह म्हणून जपानी माल विकत घेऊ नये, असे जनतेला सांगितले. हा नीतीचा आदेश होता. परंतु त्याच दशकात स्वस्त जपानी कापडाच्या स्पर्धेने आपल्या गिरण्या हैराण झाल्या होत्या. त्या स्पर्धेपायीच १९३३ मध्ये सरकारने ब्रिटनखेरीज इतर देशांच्या कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढविली होती. तेव्हा सोलापूरसारख्या गिरणगावात जपानी कापडावरील बहिष्कार हा धर्मही होता आणि धंदाही होता. नीती आणि हित एकाच बाजूला उभे असताना नीतिमान होणे अवघड नसते. खरा प्रश्न पुढचा आहे. जपानी माल न घेतल्याने सोलापूरची एखादी गिरणी बंद पडणार असती, तर त्या ठरावाला इथे किती हात वर झाले असते? हा प्रश्न आपल्या पूर्वजांना हिणविण्यासाठी विचारलेला नाही. आज आपल्यापुढे तोच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे, म्हणून विचारला आहे.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. ज्या सुभाषबाबूंनी राष्ट्राध्यक्ष या नात्याने चीनला पथक पाठविण्यात पुढाकार घेतला, त्यांनी १९३७ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात लेख लिहून जपानच्या चीनमधील आक्रमणावर टीका केली होती. तेच सुभाषबाबू १९४१ मध्ये देशाबाहेर निसटून जर्मनीत गेले आणि १९४३ मध्ये जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सेनेचे नेतृत्व करू लागले. जपानशी लढणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करीत कोटणिसांनी डिसेंबर १९४२ मध्ये देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षी त्यांना पाठविणारा नेता टोकियोत उतरला. दोघेही देशभक्त, दोघांच्याही निष्ठेविषयी शंका घेण्यास जागा नाही. मग दोघांचे मार्ग एकमेकांविरुद्ध का गेले? गुलामीतून सुटण्यासाठी दुसऱ्याला गुलाम करणाऱ्याचा हात धरावा काय? न धरावा, तर स्वतःच्या देशबांधवांना अन्नान्न करून मारणाऱ्या साम्राज्याशी कसे लढावे? १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे दुष्काळाने मेली, ही गोष्ट विसरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. आणि चीनमध्ये जपानी सैन्याने जे केले ते विसरूनही देता येत नाही. सोलापूरच्या एखाद्या सभागृहात हा एकच विषय दोन अभ्यासू वक्त्यांनी दोन बाजूंनी मांडला, तर शंभर गौरवपर भाषणांहून अधिक शिक्षण त्यातून होईल.

याच सुमारास दोन कवींमध्ये झालेला पत्रव्यवहारही विसरण्याजोगा नाही. १९३८ मध्ये जपानी कवी योने नोगुची यांनी रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहून चीनमधील युद्धाचे समर्थन केले. रवींद्रनाथांना जपानी संस्कृतीविषयी मनापासून प्रेम होते. तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांनी ते समर्थन स्पष्ट शब्दांत नाकारले. मित्राला विरोध करता येतो आणि विरोध केल्यावरही त्याच्या संस्कृतीविषयीचा आदर टिकविता येतो, हे त्या पत्रांनी दाखविले.

चीनविषयीच्या दोन स्मृती

हा धडा आपणांस आज विशेष उपयोगी आहे. सोलापूरच्या मनात चीनविषयी दोन स्मृती आहेत. एक कोटणिसांची, आणि दुसरी १९६२ च्या युद्धाची व जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात हुतात्मा झालेल्या २० भारतीय जवानांची. पहिली स्मृती जागवावी, तर दुसरीशी बेइमानी होते काय, असा संकोच अनेकांना वाटतो. त्या संकोचातून मग एक सोपी वाट निघते. कोटणिसांना हार घालावयाचा, पण ते ज्यांच्यासाठी मेले त्या लोकांविषयी काही बोलावयाचे नाही. किंवा भारत-चीन मैत्रीची ठरावीक वाक्ये म्हणून सीमेवरील वास्तवाकडे काणाडोळा करावयाचा. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. एखाद्या राजवटीच्या धोरणाला कडवा विरोध करणे आणि त्या देशातील माणसाच्या जखमेला मलमपट्टी करणे, या दोन गोष्टी एकाच मनात नांदू शकतात. कोटणिसांनी ज्या जखमा बांधल्या, त्या माणसांच्या होत्या. हा भेद समजणे म्हणजेच आंतरराष्ट्रीय नीतीचे पहिले पाऊल होय, आणि ज्या गावाला तो भेद समजून घेण्याची सर्वांत अधिक गरज आहे, ते गाव सोलापूर आहे.

आपल्या राज्यघटनेचीही हीच अपेक्षा आहे. अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता वाढविणे, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य व सन्मानपूर्ण संबंध राखणे, आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर जोपासणे आणि वाद लवादाने मिटविण्यास उत्तेजन देणे, यांसाठी राज्याने झटावे असे सांगितले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. न्यायालयात जाऊन ते बजावून घेता येत नाही. मग त्याची आठवण सरकारला कोणी द्यावयाची? ज्या प्रजेत त्याची चर्चाच होत नाही, ती प्रजा आठवण कशी देणार?

टॉवेल आणि खनिज तेल

येथे कोणी म्हणेल की, हे सारे दिल्लीतल्या विद्वानांचे विषय आहेत. दिल्लीला त्यासाठी १९४३ मध्ये स्थापन झालेली जागतिक घडामोडींची भारतीय परिषद आहे, विद्यापीठे आहेत, निवृत्त राजदूत आहेत. सोलापूरच्या कारकुनाचा, शिक्षकाचा, यंत्रमागावर काम करणाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय?

संबंध आहे आणि तो पोटाचा आहे. सोलापूरच्या यंत्रमागांवर विणलेले टेरी टॉवेल परदेशी जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ टक्के आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, भारत रशियाकडून खनिज तेल घेतो याचा दंड म्हणून, आणखी २५ टक्के आयातशुल्क लादले. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई केली. त्यानंतर रशियाचे तेल स्वस्त झाले. भारताने ते घेतले. अमेरिकेने दंड बसविला. आणि ज्यांनी आयुष्यात खनिज तेलाचा एक पिंपही विकत घेतला नव्हता, अशा टॉवेल विणणाऱ्यांच्या मजुरीवर त्याची सावली पडली. त्या दरांचे पुढे वाटाघाटींत जे व्हावयाचे ते झाले असेल, पण ही साखळी कशी जोडलेली आहे हे त्या महिन्यांनी दाखवून दिले. युद्धाच्या पहिल्या वर्षी सूर्यफुलाच्या तेलाचा डबा महागला, तोही याच कारणाने. कारण त्या तेलाचा फार मोठा पुरवठा आपणांस युक्रेनमधून होत असे. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी महाराष्ट्रातील मुले त्या वेळी जीव मुठीत धरून परतली.

आता हित आणि नीती यांचा प्रश्न पुन्हा पाहा. स्वस्त तेल घेणे हे एका गरीब देशाचे आपल्या प्रजेविषयीचे कर्तव्य आहे काय? की त्या पैशाने युद्ध लांबते म्हणून ते न घेणे हे कर्तव्य आहे? स्वतः वर्षानुवर्षे हवे तेथून तेल घेतलेल्या श्रीमंत राष्ट्रांना आपणांस नीतीचे धडे देण्याचा अधिकार आहे काय? या प्रश्नांची एकाच बाजूची उत्तरे आपल्या मोबाइलवर दिवसभर येऊन आदळत असतात. दोन्ही बाजू एकाच संध्याकाळी, एकाच छपराखाली ऐकावयास मिळणे मात्र दुर्मिळ झाले आहे.

आधी पाणी, मग जग?

सर्वांत जोरदार आक्षेप पाण्याचा येईल, आणि तो यावयासच हवा. ज्या शहराला वर्षानुवर्षे नळाचे पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी मिळत आले, त्या शहरात जिनिव्हा आणि न्यूयॉर्क यांच्या गोष्टी करणे म्हणजे उपाशी माणसाला पंचपक्वान्नांचे वर्णन ऐकविणे नव्हे काय?

परंतु पाण्याचा प्रश्न हाच आंतरराष्ट्रीय नीतीचा प्रश्न आहे, हे थोडा विचार केला तर ध्यानात येईल. भीमा नदी पुण्याच्या डोंगरात उगम पावते, उजनीला अडते, सोलापूर जिल्ह्यातून वाहत कर्नाटकात जाते आणि पुढे कृष्णेला मिळते. वरच्या गावाने किती पाणी अडवावे आणि खालच्या गावासाठी किती सोडावे, यावर पुणे व सोलापूर, सोलापूर व कर्नाटक यांचे वाद आपण पाहत आलो आहो. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचे वाटप केले, ते न्याय्य वाटपाच्या तत्त्वावर. हेच तत्त्व आंतरराष्ट्रीय नद्यांसाठी १९६६ च्या हेलसिंकी नियमांत आणि १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आले आहे. नाईल, मेकाँग, ब्रह्मपुत्रा यांच्या काठी जो वाद चालतो, तोच भीमेच्या काठी चालतो. गंमत अशी की, उजनीच्या पाण्यापुरते आपण पुण्याच्या संदर्भात खालच्या काठावरचे असतो आणि कर्नाटकाच्या संदर्भात वरच्या काठावरचे. पुण्याला जो न्याय आपण मागतो, तोच विजापूर-कलबुर्गीला द्यावयास तयार आहो काय? हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारणे, यालाच मोठ्या शब्दांत जागतिक नीती म्हणतात. हवामानबदलाचेही तेच. अवर्षणाने पिचलेल्या या जिल्ह्यात १३२० मेगावॉट क्षमतेचे, कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. विजेची गरज, पावसाची लहर आणि आधीच धूर ओकून श्रीमंत झालेल्या राष्ट्रांची जबाबदारी, हे तिन्ही विषय येथल्या शेतकऱ्याच्या बांधाशी येऊन मिळतात.

व्याख्यानमाला कशी असावी?

नुसते 'असे झाले पाहिजे' म्हणून थांबणे योग्य नव्हे. म्हणून काही व्यवहार्य सूचना मांडतो.

पहिली सूचना काळाविषयी. कोटणिसांचा जन्मदिवस १० ऑक्टोबरला येतो आणि स्मृतिदिन ९ डिसेंबरला. या दोन महिन्यांत २४ ऑक्टोबरचा संयुक्त राष्ट्रदिन येतो, आणि स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, मानवी हक्क दिन येतो. दिवाळीचे दिवस सोडून या काळात आठवड्यातून एक याप्रमाणे सहा व्याख्याने सहज होतील. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्था, हुतात्मा स्मृतिमंदिरासारखी सभागृहे, महाविद्यालये आणि विद्यापीठ हे सर्व गावात असताना जागेची अडचण नाही.

दुसरी सूचना विषयांविषयी. 'भारताचे परराष्ट्रधोरण' यासारखा अघळपघळ विषय ठेवू नये. विषय प्रश्नाच्या रूपात असावा. रशियाचे तेल घ्यावे काय? गाझातील युद्धाविषयी भारताने संयुक्त राष्ट्रांत कोणती भूमिका घ्यावयास हवी होती? १९७१ मध्ये जवळजवळ एक कोटी निर्वासितांना आश्रय देणाऱ्या भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर अद्याप सही का केली नाही, आणि करावी काय? भीमेचे पाणी कोणाचे? बोस आणि कोटणीस यांत कोणाचा मार्ग बरोबर? अशा विषयांवर माणूस घरून मत घेऊन येतो, आणि ते मत थोडे हलवून परत जातो.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या सभांत स्वागत, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक आणि अध्यक्षीय समारोप यांत निम्मा वेळ जातो. वक्ता उरलेल्या वेळात बोलतो, आणि श्रोत्याच्या वाट्याला आभारप्रदर्शन येते. या व्याख्यानमालेत ते सर्व दहा मिनिटांत आटोपावे. दोन वक्ते, दोन बाजू, प्रत्येकी अर्धा तास, आणि त्यानंतर पुरा एक तास श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी. चिठ्ठीवर लिहून दिलेला प्रश्न व्यवस्थापकांनी गाळू नये, मग तो वक्त्याला अडचणीचा असला तरी चालेल. अध्यक्षांनी दोनच नियम पाळावेत. आकडा सांगणाऱ्याने तो कोठून घेतला ते सांगावे; आणि टीका धोरणावर व्हावी, कोणत्याही धर्मावर वा लोकसमूहावर होऊ नये.

चौथी सूचना वक्त्यांविषयी. पुण्या-मुंबईचे निवृत्त राजदूत व प्राध्यापक अवश्य बोलवावेत. पण प्रत्येक व्याख्यानात एक वक्ता शक्यतो जिल्ह्यातला असावा. परदेशी माल पाठविणारा कारखानदार, आखाती देशांत नोकरी करून आलेली परिचारिका, युरोपात डाळिंबे व द्राक्षे पाठविणारा बागाईतदार, युद्धभूमीवरून परतलेला विद्यार्थी, यांच्यापाशी जे ज्ञान आहे ते ग्रंथात नाही.

पाचवी सूचना भाषेची. सोलापूर एकभाषी शहर नाही. पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर, कन्नड बोलणारी घरे, उर्दू शाळांतील विद्यार्थी यांना वगळून होणारी सभा ही अर्ध्या शहराची सभा ठरेल. भाषण मराठीत असावे, पण त्याचा सारांश तेलुगू, कन्नड व उर्दूत छापून वाटावा. प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता यावा. ज्या शहरात चार भाषांना एका बाकावर बसता येत नाही, त्याने संयुक्त राष्ट्रांविषयी बोलण्यात अर्थ नाही.

शेवटची सूचना पैशाची. एकाच देणगीदाराच्या हाती व्याख्यानमाला गेली की, विषयही त्याच्या हाती जातात. म्हणून ती वर्गणीतून चालावी. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्या छोट्या वर्गणीवर महाराष्ट्रातील कितीतरी वाचनालये उभी राहिली; सहा व्याख्यानांचा खर्च त्या मानाने काहीच नाही. राजकीय पुढाऱ्यांना यावयाचे असेल तर त्यांनी जरूर यावे, पण श्रोत्यांत बसावे.

भीती कशाची?

एवढे सांगूनही एक अडचण उरते, आणि ती पैशाची वा जागेची नाही. ती भयाची आहे. अशा विषयांवर वाद होईल, कोणाच्या तरी भावना दुखावतील, महाविद्यालयाला खुलासे द्यावे लागतील, असे संयोजकांना वाटते. हे भय अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. परंतु त्याचा उलट बाजूनेही विचार करावा. गाझा, युक्रेन, चीन, बांगलादेश या विषयांवर सोलापुरात वाद आजही होतातच. ते घरोघरच्या मोबाइलच्या पडद्यावर होतात. अर्धवट माहितीवर, टोपणनावाने, आणि पुष्कळदा दूरच्या युद्धाचा राग शेजारच्या माणसावर काढण्यासाठी होतात. सभागृहात मनुष्याला आपले तोंड दाखवून बोलावे लागते आणि समोरच्याचे ऐकून घ्यावे लागते. तेव्हा वाद टाळणे आपल्या हाती नाही. तो कोठे व्हावा, एवढे ठरविणे मात्र आपल्या हाती आहे.

आणि हे शहर भित्रे नाही. एप्रिल १९३० मध्ये ज्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकविला, मे १९३० मध्ये ज्या शहरावर इंग्रजांना लष्करी कायदा पुकारावा लागला, आणि ज्याचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फासावर चढले, त्या शहराने प्रश्नोत्तराच्या तासाला भ्यावे हे शोभणारे नाही. त्या वर्षी कोटणीस ऐन विशीत होते. आपल्या गावावर परकी सत्तेची संगीन रोखलेली पाहिलेल्या पिढीतला तो तरुण सात-आठ वर्षांनी दुसऱ्या एका देशावर रोखलेल्या संगिनीविरुद्ध उभा राहिला.

पुढच्या कोटणिसाला कोणत्या देशाची हाक येईल, हे आज कोणी सांगू शकणार नाही. कदाचित त्याचे काम चीनइतके दूर नसून आपल्याच सीमेवर, आपल्याच नदीच्या काठी असेल. ती हाक त्याच्या कानी पडेल एवढी व्यवस्था करणे, हे मात्र या शहरातील वाचनालयांचे, महाविद्यालयांचे, शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम आहे. येत्या १० ऑक्टोबरला पुष्पहाराबरोबर एका व्याख्यानाची घोषणा झाली, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.